मदत हवी आहे : न्यू फॉरेस्टमधल्या ‘व्हर्डरर’ला मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमधील चराईहक्कांवरच्या मराठी टिपणासाठी नेमके शब्द हवे आहेत.

‘व्हर्डरर’ म्हणजे या जंगलातल्या चराईहक्कांचा कारभार पाहणारे. त्यांना वनाधिकारी म्हणणं चूक ठरेल. ते एकूण दहा. पाच निवडून आलेले, पाच नेमलेले. १८७७च्या कायद्याने आजचं रूप मिळालेलं त्यांचं न्यायालय तिथल्या लिंडहर्स्ट गावात भरतं आणि तिथे कोणीही उभं राहून तक्रार मांडू शकतं. ‘वनपंच’ चालेल?

खरी अडचण ‘ॲजिस्टर’ची. हे व्हर्डररांचे पगारी नोकर. घोड्यावरून गुरं-तट्टं पाहतात, जखमी जनावराकडे धावतात. चराईची फी भरली की तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक पद्धतीने कापतात. प्रत्येक ॲजिस्टरचा काप वेगळा, त्यामुळे तट्टू कुठल्या भागातलं ते लांबूनच कळतं. ‘गुराखी’ म्हटलं तर अधिकार हरवतो, ‘वनरक्षक’ म्हटलं तर जनावरं.

शरद ऋतूत किमान ६० दिवस डुकरं सोडण्याचा हक्कही आहे. हिरवी ओकफळं तट्टांना, गुरांना विषारी. ती फळं डुकरं फस्त करतात. या हक्काला सुटसुटीत शब्द?

हे हक्क माणसाला नव्हे, घर-जमिनीला चिकटलेले असतात. मग विदर्भातला ‘निस्तार हक्क’ (गावकऱ्यांचा चराई, जळाऊ लाकूड वगैरेंचा हक्क) इथे शोभेल का? निस्तारपत्रकं, म्हणजे या हक्कांच्या नोंदी, हाताळलेल्यांनी जरूर सांगावं.