मदत हवी आहे : रापण टिकवून समुद्राचा कुठला भाग बंद ठेवावा?

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणचे, घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. परवा जाळं ओढलं तर निम्म्याहून जास्त बांगडे बोटाएवढे. आई टोपलीत हात घालून नुसती बघत राहिली.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाचा भाग, जेमतेम ३ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. पण अभयारण्य म्हटलं की मासेमारी बंद होईल म्हणून गावाला धडकी भरते, आणि ती भीती खरी आहे. मोठी बोट दुसरीकडे जाईल. रापण किनाऱ्यावरूनच ओढायची, ती कुठे नेणार?

मेक्सिकोत काबो पुल्मोला गावकऱ्यांच्याच पुढाकाराने १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १९९९ ते २००९ मध्ये तिथल्या माशांचं एकूण वजन चौपटीहून जास्त वाढलं. मात्र बांगडा फिरता; गोबरा, तांबोशीसारखा खडक धरून राहत नाही. म्हणून मला वाटतं, रापणीच्या जागा मोकळ्या ठेवून फक्त खडक-प्रवाळाचा पट्टा बंद करावा. बांगड्यासाठी जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा हवा.

हे बरोबर आहे का? पर्यटकांच्या स्नॉर्केलिंगच्या (नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघण्याच्या) पैशातला वाटा रापणकरांना कसा मिळवायचा? कुठल्या गावाने असे नियम केले असतील तर कृपया मसुदा पाठवा. रविवारी आमची बैठक आहे.