बेळगावात कर्ज काढून घर घ्यावे की भाड्यानेच राहावे?

टिळकवाडीकर:
नमस्कार. मी उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीला असून टिळकवाडीत दरमहा १२ हजार रुपये भाड्याने राहतो. अनगोळला ४० लाखांचे घर पाहिले आहे. १० लाख हाताशी आहेत, बाकी कर्ज. हप्ता भाड्याच्या दुपटीहून अधिक जातो. घरची वडीलधारी मंडळी "भाड्याचे पैसे पाण्यात जातात" एवढेच म्हणतात. निव्वळ पैशाच्या हिशेबाने हे कितपत खरे आहे, ते जाणकारांनी सांगावे.

शहापूरकर:
वडीलधाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २६ हजार येतो, आणि पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये नुसते व्याज असते. मुद्दल फिटते ते पाच हजारांच्या आत. म्हणजे सुरुवातीची काही वर्षे आपण घरमालकाऐवजी बँकेला भाडे देत असता, असेच म्हणा ना.

फायदा दिसू लागतो तो पुढे. व्याजदर थोडा वरखाली झाला तरी हप्ता साधारण तेवढाच राहतो. भाडे मात्र वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले तरी १२ वर्षांत दुप्पट होते आणि पंधराव्या वर्षी हप्त्याला मागे टाकते. त्यानंतरचा सगळा काळ, विशेषतः निवृत्तीनंतरचा, स्वतःचे घर घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. शिवाय बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे दिवाळीचा बोनस थेट मुद्दलात भरला तर कर्जाची वर्षे कमी होतात.

हप्ता आणि भाडे यांतला १४ हजारांचा फरक गुंतवला तर भाडेकरूही पुढे जाऊ शकतो, हे कागदावर खरे आहे. पण तो फरक वीस वर्षे न चुकता बाजूला ठेवणारा माणूस मी तरी क्वचितच पाहिला आहे.

निपाणीकर:
दादा, आपल्या १० लाखांत नोंदणीचा खर्च धरला आहे का? कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर व अधिभार, आणि ऑगस्ट २०२५च्या अखेरीस १ वरून २ टक्के झालेली नोंदणी फी मिळून शहरात सुमारे ७.६ टक्के होतात; ४० लाखांवर तीन लाखांहून अधिक. चार-पाच वर्षांत पुण्याला जायचे मनात असेल, तर हे पैसे वसूल होण्याआधीच घर विकावे लागेल. कर वाचेल म्हणून तर घेऊच नका: स्वतः राहत्या घराच्या व्याजावरील दोन लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

खानापूरची ताई:
वरचा सगळा हिशेब कागदपत्रे स्वच्छ असतील तरच खरा. शहरालगतच्या शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँडपेपरवर विकलेले प्लॉट स्वस्त दिसतात, पण त्यांवर बँक कर्ज देत नाही आणि पुढे गिऱ्हाईकही मिळत नाही. बिगरशेती आदेश, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी, ई-खाता (मालमत्तेच्या नोंदीचा संगणकीकृत उतारा) आणि बोजाचा दाखला (घरावर आधीचे कर्ज वा तारण आहे का ते सांगणारा), हे सगळे बयाणा देण्यापूर्वी वकिलाकडून तपासून घ्या. कागद कन्नडमध्ये असतात. मालक तोंडी सांगतो त्यावर विसंबू नका.

टिळकवाडीकर:
आभारी आहे. नोंदणीचे तीन लाख मी धरलेच नव्हते. बदलीची शक्यता नाही, तेव्हा आधी वकिलांना कागद दाखवतो आणि मग मालकाशी भावाचे बोलतो.