मदत हवी आहे: गावच्या अभिरूप विधानसभेत चर्चेचे नियम कुणी ठरवायचे?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे. गणपतीत चाकरमानी आले की वाचनालयातर्फे देवळाच्या सभामंडपात अभिरूप विधानसभा भरते. गेल्या वर्षीचं विधेयक पर्ससीन जाळ्यांवर (माशांचा अख्खा थवा घेरून ओढणारी मोठी जाळी) बंदीचं, म्हणजे निम्म्या घरांच्या पोटाचा विषय. २४ पोरंपोरी होती. पहिलाच वक्ता २२ मिनिटं बोलला. नववीतली एक मुलगी कॅलेंडरच्या पाठीवर दुरुस्ती लिहून उभी: सरसकट बंदी नको, किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच हवी. सभापती म्हणाले, "थांब गं, नंतर." ते नंतर आलंच नाही. आरतीची घंटा झाली, मंडपात सात जण उरले आणि त्या सातांनी विधेयक मंजूर करून टाकलं. मुलगी यंदा येणार नाही म्हणते. मला तिचं चुकलंय असं वाटत नाही.

यंदा सभापती मी आहे. खऱ्या सभागृहात कोण किती बोलणार हे कोण ठरवतं? दुरुस्ती नेमकी कधी मांडायची? आणि सभापतींनी मत द्यायचं का? गेल्या वर्षी दिलं होतं.

जुना प्रतिवेदक:
आधी एक खोड काढतो. विधानसभेत 'अध्यक्ष', 'सभापती' विधान परिषदेत.

नियम सभागृह स्वतःच करतं. राज्यघटनेचा अनुच्छेद २०८ विधिमंडळाला तो अधिकार देतो, संसदेला ११८. कुठल्या विधेयकाला किती तास, हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं. तिथे अध्यक्षांसोबत सत्ताधारी आणि विरोधक दोघंही बसतात. मग पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वेळ वाटतात. म्हणजे घड्याळावरचं भांडण सभागृहाबाहेर आधीच उरकलेलं असतं. तुमच्याकडे ते झालं नाही, म्हणून २२ मिनिटं गेली.

दुरुस्तीचं असं. पहिल्या वाचनात विधेयक फक्त मांडतात. दुसऱ्या वाचनात आधी त्याच्या तत्त्वावर बोलायचं, मग एकेक खंड, म्हणजे विधेयकातलं एकेक कलम, घ्यायचा. दुरुस्त्यांची जागा ही, त्या खंडापाशी. सूचना मात्र आधी लेखी द्यावी लागते. तिसऱ्यात संपूर्ण विधेयक मंजूर की नामंजूर, एवढंच. तुमच्या त्या मुलीचा कागद लेखी होता, विषयाला धरून होता. खंड पुकारून तो मताला टाकायलाच हवा होता. पडला असता तर पडला असता.

आणि सात जणांनी मंजूर केलेलं मी तरी धरणार नाही. अनुच्छेद १८९ प्रमाणे गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी कमीत कमी हजेरी, किमान १० किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यातला मोठा आकडा. २८८ च्या विधानसभेत तो २९ होतो, तुमच्या २४ मध्ये १०. मताचं उत्तरही त्याच अनुच्छेदात आहे: अध्यक्षांनी आधी मत द्यायचं नाही, समसमान झाली तरच निर्णायक मत. हर्णैच्या लिलावात बोली पुकारणारा स्वतः बोली लावायला लागला तर कसं होईल, तसंच हे.

खाडीकाठ:
वेळ कुणाच्या हातात, हे कोकणाला कुणी शिकवायला नको. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती (खोतांनी कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत) रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते सरकारी नव्हतं, सदस्याचं, म्हणजे अशासकीय होतं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, तरी कायदा झाला नाही. खोती निर्मूलनाचा कायदा आला तो १९४९ चा. तेव्हा एक अर्धा तास अशासकीय विधेयकाला राखून ठेवा. त्या मुलीलाच मांडू दे.

मूळ धागाकर्ता:
वा! प्रत्येकी पाच मिनिटं, घंटा देवळातलीच. दुरुस्त्या आदल्या रात्रीपर्यंत माझ्याकडे लेखी. १० पेक्षा कमी उरले तर कामकाज तहकूब, आरतीनंतर पुन्हा. तिच्या घरी आत्ताच जाऊन आलो, "विचार करते" म्हणाली.

आता एकच अडलंय. वेळ वाटायचा तर पक्ष हवेत, आणि पोरं म्हणतात पक्ष दोनच: मुंबईकर आणि गावकर. मुंबईकर १५ आहेत. संख्याबळाने वाटला तर गावकऱ्यांच्या वाट्याला काय येणार?