मदत हवी आहे : कोकमाच्या घरगुती धंद्यासाठी मजकूर पैसे देऊन लिहून घ्यावा का?

मंडळी, जाणकारांनी जरा सल्ला द्या.

कुडाळजवळ आमचा घरगुती उद्योग आहे. आगळ, अमृत कोकम, सोलं (म्हणजे आमसुलं), फणसपोळी, कुळथाचं पीठ. आई आणि वहिनी बनवतात. पॅकिंग, कुरिअर आणि फोन माझ्याकडे. आजवर माल ओळखीपाळखीत मुंबई-पुण्याला जायचा. आता वेबसाइट केलीय आणि गाडं मजकुरापाशी अडलंय.

मालाबद्दल तक्रार नसते. फोन येतो तो असा : "तुमचं सरबत खारट आहे, पैसे परत द्या." बाईंनी आगळात पाणी-साखर घालून पाहुण्यांपुढे ठेवलेलं असतं! आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, तो सोलकढीला. सरबताला साखरेत मुरवलेलं अमृत कोकम. आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक, पण नागपूरच्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार? बाटलीवर नुसतं 'शुद्ध कोकम आगळ' छापलंय. ऐन मे महिन्यात हेच समजावत बसतो, आणि नेमकी तेव्हाच सोलं वाळवायची घाई. पाऊस थोडाच थांबतो.

एका एजन्सीने नमुना पाठवला. "निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या दारी." हे वाक्य काजूलाही चालेल, मधालाही. पुढे तर "मधुमेह आणि लठ्ठपणा मुळापासून घालवा". ते मी तिथल्या तिथे उडवायला सांगितलं. खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असं लिहिता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे आणि लायसन्स आमच्या नावावर आहे.

दुसरीकडे एक लेखिका आहेत. शब्दाला २ रुपये मागतात, पण आधी येऊन काम बघणार, गिऱ्हाइकांचे फोन ऐकणार, मगच लिहिणार. भाचा म्हणतो, एआयकडून फुकटात होईल. करून बघितलं, त्यानेही आगळाचं सरबतच करायला सांगितलं. तर लेखिकेला काम द्यावं का? आणि शब्दावर दर बरोबर आहे का?

---

प्रतिसाद : डोळे झाकून लेखिकेला द्या. फोन ऐकणार म्हणाल्या ना, तिथेच त्या पास झाल्या. फक्त शब्दावर पैसे ठरवू नका, मजकूर उगाच फुगतो. तुमच्या बाटलीला एकच ओळ हवी : 'सोलकढीसाठी. यात मीठ आहे, सरबत करू नये.' ती ओळ सुचायला दिवस जातो, त्याचे पैसे शब्द मोजून कसे देणार? अख्ख्या कामाचे एकरकमी ठरवा.

प्रतिसाद : पैसे दिले म्हणजे मजकूर तुमचा झाला असं धरून चालू नका. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलं की एरवी कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच राहतो. तो तुमच्या नावावर करून घेतल्याचं लेखी आणि सहीनिशी हवं. त्यातही मुदत लिहिली नाही तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ५ वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुढेमागे दुबईला माल पाठवायचा असेल तर आत्ताच लिहून घ्या.

प्रतिसाद : सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, ते लेबलवर येऊ द्या की राव! मात्र त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी लागेल.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. जीआयची नोंदणी अजून केलेली नाही, तोवर तो लोगो नको. लेखिकाबाईंना एकरकमी दर विचारतो, करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही घालतो. वहिनी म्हणतात, वेबसाइट राहू दे, आधी आगळाचं लेबल बदला. त्यांचंच बरोबर वाटतंय. कुडाळ-सावंतवाडीकडे थोडी लेबलं छापून देणारा कोणी माहीत आहे का? आमचा छापखानेवाला हजाराच्या खाली हातच लावत नाही.