शॉर्टवेव्ह रेडिओ आज घ्यावा का? गोव्यातल्या घरांपुरतं बोलूया

फोंडेकर:
हौसेने दूरदेशीची स्टेशनं पकडणारा छोटा शॉर्टवेव्ह सेट आणायचा, दोन दिवस खरखर ऐकायची आणि कपाटात टाकायचा, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत झालंय. माझ्या मते सेटपेक्षा तो लावण्याची पद्धत चुकते. संध्याकाळी टीव्हीशेजारी, चार्जर जोडून लावला तर खरखरच येणार. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे या बँडवर गोंगाट करतात. लाइट गेली की तोच सेट ऐकून बघा! लाइट परत आली की मेन स्विच बंद करा, एकेक सर्किट चालू करत जा, आवाज कोण करतो ते लगेच कळतं. सेट बॅटरीवर ठेवा, बाल्कनीत न्या, अँटेनाची सळी पूर्ण उघडा. पाच-सात मीटर साधी वायर माडाला बांधून दुसरं टोक चिमट्याने सळीला लावलं तर फरक जागच्या जागी दिसतो.

वेळही सांभाळा. दिवसा आकाशातला डी थर खालच्या फ्रिक्वेन्सी शोषून घेतो, म्हणून तेव्हा १९, १६, १३ मीटरचे बँड लावा (मीटर जितके कमी, तितकी फ्रिक्वेन्सी वरची). काळोख पडला की तो थर विरतो, वरच्या एफ थरावरून लहरी परततात. मग ३१, ४१, ४९ मीटर.

म्हापसेकार:
फोंडेकरबाब, लावण्याचं सगळं पटलं. पण ऐकायचं काय? बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं. आकाशवाणीनेही बरंच आवरतं घेतलं. कुतूहल असेल तर नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा तिथला रेडिओ, फुकट आहे, मोबाइलवर उघडा. संकटकाळाचं म्हणाल, तर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आम्हाला हवी होती गोव्याची खबर. रस्ता कुठे अडलाय, लाइट कधी येणार. ते लंडन सांगणार नव्हतं.

काणकोणची वाचक:
म्हापसेकार, वादळात लाइट गेली आणि टॉवर बंद पडला तर वेबएसडीआर कसा उघडणार? या पोर्टेबल सेटवर एफएम आणि मीडियम वेव्हही असतं. गोव्याची खबर त्यावर मिळते, बाहेरची शॉर्टवेव्हवर.

पण फोंडेकर, माडाला वायर बांधा हे मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे वीज पडते ती उंच माडावरच. वायर बुटक्या पेरूला किंवा बाल्कनीच्या कठड्यालगत सोडा आणि दूर गडगडलं तरी लगेच सुटी करा. शिवाय समुद्राकाठी खारी हवा सेटचे स्प्रिंग खाते. वापर नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतला कप्पा खलास होतो.

फोंडेकर:
पेरू चालेल, पाच-सात मीटरला उंची लागतच नाही. पण ट्वेंटेवर तुम्ही नेदरलँड्सचं आकाश ऐकता, आपलं नव्हे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं इंग्रजी, चीनचं प्रसारण आजही इथे लागतं. आणि गोवेकरांना हे सांगावं का लागतं? १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोली, मग कॅसलरॉकच्या रानातून गोव्याच्या मुक्तीचं रेडिओ केंद्र चालवलं. सीमा बंद झाली, पण पोर्तुगीजांना आवाज बंद करता आला नाही. मधे कुणाचा सर्व्हर नसलेलं ऐकण्याचं साधन घरात असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हापसेकार:
त्या केंद्राबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण तेव्हा ऐकणाऱ्यासाठी बोलणारं कुणीतरी होतं. आज नवा माणूस स्वस्तातला सेट आणतो, रात्री दोन-तीन स्टेशनं लागतात आणि पुन्हा तेच कपाट.

वास्कोचा हॅम:
बोलणारे आहेत, फक्त स्टेशनांवर नाहीत. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये हॅम, म्हणजे स्वतःच्या रेडिओवरून एकमेकांशी बोलणारे परवानाधारक हौशी, रोज गप्पा मारतात. साध्या सेटवर तिथे नुसती कुरकुर येते. एसएसबी (हॅमचं बोलणं उलगडणारी सोय) असलेल्या सेटवर त्यातला एलएसबी हा पर्याय निवडा, बारीक ट्यूनिंग अगदी सावकाश फिरवा. नाकातून येणारा आवाज हळूहळू सुटतो आणि माणूस बोलू लागतो. वायर लावल्यावर एकच स्टेशन दोन-तीन ठिकाणी दिसलं तर सिग्नल जास्त होऊन सेटला पेलत नाहीये, तेव्हा सेटवरचा स्विच डीएक्सवरून (दूरचं) लोकलवर (जवळचं) आणा.

विकत घेताना दोन गोष्टी बघा: एसएसबी आणि बाहेरच्या अँटेनाची सोय. एसएसबी नसेल तर म्हापसेकारांचं ऐका आणि पैसे खिशातच ठेवा.