इंदुरातला हिमचंपा: माती, पाणी, कलम. आपापले अनुभव लिहा

हिमचंपा म्हणजे मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिथली माती आम्लधर्मी, हवा दमट. आपल्याकडे माळव्याची चुनखडीची काळी माती, बोअरचं जड पाणी आणि मे महिन्यातली लू. तरीही इंदुरात तो वाढतो, फुलतो. रोप कोणतं घ्यावं, लावावं कसं, पानं पिवळी पडली तर काय करावं, हे ज्यांनी केलंय त्यांनी मापांसकट लिहा. नुसतं ‘छान येतो’ नको.

गुटीवाला (अन्नपूर्णा रोड)
बियांचं रोप स्वस्त मिळतं, पण फुलायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) किंवा कलम दोन-चार वर्षांत फुलतं. कलमाचा सांधा बुंध्यावर गाठीसारखा दिसतो, तो मातीखाली जाऊ देऊ नका. अंगण लहान असेल तर ‘लिटल जेम’ ही छोटी जात घ्या. त्याची फुलं ८ ते १० सेमीची, मोठ्या जातीची २० ते २५ सेमीची.

गुटी घरी बांधायची तर जुलैच्या सुरुवातीला. पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा, अडीच सेमी रुंदीची साल गोल काढा. सालीखालचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून टाका. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर, मग भिजवून घट्ट पिळलेलं मूठभर मॉस (सुकं शेवाळ), वर प्लास्टिक, दोन्ही टोकं आवळून. साधारण ऑक्टोबरात पांढरी मुळं प्लास्टिकमधून दिसायला लागतात. मग खालून कापा, निम्मी पानं काढा. त्या रोपाचा पहिला उन्हाळा सावलीतच जाऊ द्या.

काळी माती (सुदामा नगर)
सगळ्यात मोठी चूक खड्ड्याची होते. काळ्या मातीत तीन फूट खड्डा घेऊन त्यात वाळू-खताचं भुसभुशीत मिश्रण भरलं की पावसाळ्यात त्याची टाकी होते. चहूबाजूंचं पाणी त्यात उतरतं, बाहेर जायला वाट नसते. हिमचंपाची मुळं दोरीसारखी जाड, मांसल. साचल्या पाण्यात ती काळी पडून कुजतात. वर पानं मात्र सुकल्यासारखी लोंबतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

खड्डा नकोच, ओटला करा. दोन मीटर व्यासाचा, ४५ सेमी उंच, कडेला उतार. माती चार घमेली, बारीक मुरूम दोन, पालापाचोळ्याचं जुनं खत दोन, या प्रमाणात. मुरूम चुनखडीचा नसावा. खालची जमीन कुदळीने वीतभर उकरून घ्या, नाहीतर दोन थर वेगळेच राहतात. भिंतीपासून निदान चार मीटर लांब. बांधकामाचा मलबा दाबलेली जागा असेल तर तिथे लावूच नका, सिमेंटचा चुना वर्षानुवर्षं पाझरत राहतो.

आणखी एक. नर्सरीतली बरीच रोपं लाल चिकणमातीच्या हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या गोळ्यात, येतात. ही हुंडी एकदा वाळली की विटेसारखी होते, पाणी तिच्या बाजूने निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. लावण्याआधी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग विणायच्या सुईने पाच-सहा ठिकाणी भोकं पाडा. हुंडी फोडू मात्र नका, ही मुळं तुटलेली लवकर सावरत नाहीत. त्याच कारणाने एकदा लावलेलं झाड हलवू नये.

आंबटगोड (लोकमान्य नगर)
पिवळ्या पानांबद्दल. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. जुनी पानं वसंतात पिवळी होऊन गळतात ते नेहमीचंच.

मातीचं वाळलेलं ढेकूळ बशीत ठेवून त्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मोकळा चुना आहे, आणि मग माती आम्लधर्मी करायला गंधकाची पोती ओतूनही फारसा उपयोग नाही. गंधकापासून जेवढं आम्ल तयार होतं तेवढं चुना खाऊन टाकतो. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) घातला तरी लोह लगेच अडकून पडतं. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) घेताना पुड्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते वाचा. ‘ईडीटीए’वालं आपल्या मातीत टिकत नाही. तीन-चार फुटी झाडाला १० ग्रॅम, पाच लिटर पाण्यात, माती आधी ओली करून, संध्याकाळी. एकदा पावसाळा सरल्यावर, एकदा फेब्रुवारीत पालवीआधी. पाणी गडद लाल होतं, फरशीवर सांडलं तर डाग पडतो.

तात्पुरती फवारणी: एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग ५ ग्रॅम हिराकस. द्रावण फिकट हिरवं दिसलं पाहिजे. तपकिरी झालं तर फेकून द्या.

नर्मदाजल (टिळक नगर)
आंबटगोड ताईंनी लोहाचं सांगितलं ते बरोबर, पण रोज बोअरचं पाणी घातलंत तर चुना परत येतच राहणार. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते ना, तोच तो. शक्यतो नळाचं नर्मदेचं पाणी साठवून घाला. पावसाचं मिळालं तर सोनं. आणि आरओचं टाकाऊ पाणी झाडाला घालायची पद्धत पडलीय, ती इथे बंद करा. गाळून उरलेले सगळे क्षार त्यातच असतात.

हिरवी जाळी (विजय नगर)
पश्चिमेला ५० टक्के ऊन अडवणारी जाळी, एप्रिल ते पहिला पाऊस, पहिली तीन वर्षं. पानांच्या कडा करपतात त्या उन्हापेक्षा कोरड्या वाऱ्याने.

पालापाचोळा (पलासिया)
कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच गावात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवली, यशवंत वाड त्यांच्यासोबत होते. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख असे थर. या झाडासाठी ढीग लावाल तेव्हा राख वगळा, अंड्याची टरफलंही नकोत. दोन्हींनी आम्लता मरते. हिमचंपाची स्वतःची पानं चामड्यासारखी, कुजायला फार वेळ घेतात. चुरून बुंध्याभोवती ७-८ सेमी थर द्या, खोडापासून वीतभर अंतर सोडून.

सकाळची फुलं (रामबाग)
कळी फांदीच्या टोकाला येते, म्हणून हिवाळ्यात छाटलंत तर त्या उन्हाळ्याची फुलं गेली. छाटणी बहर संपल्या संपल्या, तीही हलकी. मोठी जखम लवकर भरत नाही.

फूल पहिल्या दिवशी उमलतं तेव्हा मधलं स्त्रीकेसर तयार असतं, रात्री पाकळ्या मिटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं की पुंकेसर काड्यांसारखे गळून पाकळीच्या वाटीत पडतात. घरात ठेवायचं तर मलईच्या रंगाची फुगलेली कळी सकाळी देठासकट कापा. पाकळीला बोट लावू नका, लागलं तिथे तासाभरात तपकिरी डाग उमटतो.