अल्बानियात मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या सेवास्ती किरियाझीबद्दल कोणाला माहितीये का?

वाचनवेडी_७९: माझ्यासोबत एक अल्बानियन मुलगी काम करते, तिच्याकडून कळलं की त्यांच्याकडे ७ मार्चला शिक्षक दिन असतो. बोलता बोलता तिने सेवास्ती किरियाझीचं नाव घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं त्या दिवशी हिचीच शाळा सुरू झाली असेल, पण नेटवर मराठीत काहीच सापडेना. कोणी नीट सांगेल का?

बाल्कनप्रेमी: ७ मार्च वेगळा ताई. १८८७ साली कोर्चा गावात अल्बानियन भाषेतली पहिली शाळा उघडली तो दिवस, पण ती मुलांची. मुलींची शाळा त्याच गावात १८९१ मध्ये, सेवास्ती आणि तिचा मोठा भाऊ गेरासिम यांनी काढली. ती तेव्हा जेमतेम वीस वर्षांची, इस्तंबूलच्या अमेरिकन कॉलेजमधून नुकतीच शिकून आलेली.

मुळात अडचण भाषेची होती. तेव्हा अल्बानिया तुर्कांच्या ऑटोमन राज्यात, आणि तिथे शाळा धर्माप्रमाणे वाटलेल्या, म्हणजे मुसलमान पोरं तुर्कीत शिकणार, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीकमध्ये, आणि घरी दोघंही बोलणार अल्बानियन, तिला शाळेत जागाच नाही!! त्यामुळे आईच्या भाषेत अक्षर गिरवणं म्हणजे सरकारच्या आणि चर्चच्या नजरेत बंडच. गेरासिमला त्याआधी १८८४ मध्ये दरोडेखोरांनी पळवून सहा महिने डांबून ठेवलं होतं, तब्येत खालावली ती खालावलीच, १८९४ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला. शाळा मात्र सेवास्तीने बंद पडू दिली नाही.

नगरकर: एक धागा आपल्याकडेही येतो बरं का. किरियाझींचं गाव मोनास्तीर (आताच्या उत्तर मॅसेडोनियातलं बिटोला), तिथे ज्या अमेरिकन बोर्डाचं, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मिशनरी संस्थेचं मिशन होतं त्याच बोर्डाचं आमच्या नगरचं मराठी मिशन.

बाल्कनप्रेमी: अरे वा, हे डोक्यातच आलं नव्हतं! आणि धाकटी बहीण पाराश्केवी राहिलीच की. नोव्हेंबर १९०८ मध्ये मोनास्तीरला अल्बानियन भाषेची लिपी ठरवायला सभा भरली, कोणी अरबी लिपीत लिहायचं, कोणी ग्रीक, कोणी रोमन, त्या सगळ्या पुरुषांत ही एकटी बाई. रोमनवर शिक्कामोर्तब झालं आणि पुढच्याच वर्षी हिने मुलांसाठी अंकलिपी लिहिली. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेतही अमेरिकेतल्या अल्बानियन लोकांच्या वतीने ती होती.

वाचनवेडी_७९: खूप खूप आभार दोघांचे. आज डब्याच्या सुट्टीत मैत्रिणीला ती अक्षरं लिहून दाखवायला सांगितली. ३६ आहेत, त्यातली नऊ दोन-दोन अक्षरं जोडून केलेली, आणि रोमन e वर दोन टिंबं दिली की उच्चार जवळजवळ आपला 'अ'! बोलायचं तसंच लिहायचं, आपल्यासारखंच. मी माझं नाव त्यात लिहिलं तर तिने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.